घरचं मत

१ जानेवारी २००९, हॅरो, लंडन

आजपासून दैनंदिनी. ग्लॅडस्टननं ती पंधराव्या वर्षी सुरू केली आणि सत्तर वर्षं चालवली. मी त्रेसष्टाव्या वर्षी सुरू करतोय. उशीर झाला खरा, पण त्याला कौन्सिलच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटमध्ये नोकरी करावी लागली नव्हती.

यंदा डिसेंबरात त्याच्या जन्माला दोनशे वर्षं होतात. तोवर त्याचं मराठी चरित्र पुरं करायचं, हा रिटायरमेंटनंतरचा माझा संकल्प. लिव्हरपूलच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा कडवा टोरी (हुजूर पक्षाचा) म्हणून पार्लमेंटात शिरतो, हळूहळू बदलत जातो, लिबरलांचा नेता होतो आणि चार वेळा पंतप्रधान. नाव ठरवलंय : ‘उदारमतवादाचा महामेरू’. वैजयंतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “नाव मोठं आहे.” तिची दाद नेहमी अशी मोजकीच असते.

दुसरी बातमी. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉ. नेने गुडघ्यांमुळे पद सोडतायत. एप्रिलच्या वार्षिक सभेत निवडणूक. मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. मला पदाची हाव नाही. पण मुरलीधरचा फोन आला, “शशी, आता तूच.” मुरलीधर खांबेटे माझा चाळीस वर्षांचा मित्र, जवळच पिनरला राहतो. मी म्हटलं, लोकांची इच्छा असेल तर मी कोण नाही म्हणणारा!

त्यानं विचारलं, “कुठल्या लोकांची?” त्याला थट्टेची सवय आहे.

२ फेब्रुवारी

एवढा बर्फ पडला की लंडनच्या बसेस बंद, मेट्रोपॉलिटन लाइनचीही बोंब. वैजयंती तरीही हॉस्पिटलला गेली, चालत. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे ती, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत. सोबत तिची लॅबमधली मैत्रीण स्नेहल वासनिक. आमच्या मागच्याच रस्त्यावर राहते.

संध्याकाळी दोघी गुडघ्यापर्यंत भिजून आल्या. स्नेहलला चहाला थांबवून घेतलं. चाळिशीची, नागपूरची, बौद्ध कुटुंबातली. नवरा धम्मदीप रेल्वेच्या सिग्नलचं काम करणारा इंजिनिअर. माझं तिच्याविषयी फार चांगलं मत आहे. मराठी इतकं शुद्ध बोलते की सांगितल्याशिवाय कळणार नाही. मी हे तिला म्हटलंसुद्धा.

“काय कळणार नाही, काका?” तिनं विचारलं.

मी विषय बदलला, कारण वैजयंतीनं बिस्किटांचा डबा जरा जोरात आपटला होता. मग स्नेहलनं मंडळाच्या सभासदत्वाची चौकशी केली. तिच्यासह नऊ कुटुंबांचे अर्ज माझ्याकडे आहेत, सगळी बौद्ध मंडळी. त्याला दोनेक वर्षं झाली असतील.

“विचाराधीन आहेत,” मी म्हटलं. “अर्जाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो. कुणी पुढे येईना.”

“तुम्ही याल?”

“मी सेक्रेटरी. मला तटस्थ राहावं लागतं.”

“बरं,” ती म्हणाली आणि चहा संपवून, कप स्वतः विसळून गेली. समंजस बाई आहे.

नंतर चरित्राचं तिसरं प्रकरण लिहिलं. १८३३. गुलामीच्या प्रश्नावरचं तरुण ग्लॅडस्टनचं भाषण. वडिलांच्या दक्षिण अमेरिकेतल्या, डेमेराराच्या उसाच्या मळ्यांवर गुलाम होते, म्हणून लोक आजही त्याला नावं ठेवतात. पण त्याचं म्हणणं काय होतं? गुलाम मुक्त व्हावेत. फक्त हळूहळू, त्यांची आधी तयारी करून घेऊन, मालकांचं नुकसान न होता. मी लिहिलं : ‘तत्त्वाला त्याचा संपूर्ण पाठिंबा होता, प्रश्न केवळ वेळेचा होता.’ वाक्य जमलं.

१५ फेब्रुवारी

कार्यकारिणीची सभा. आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं चॅपल. छत उंच, त्यामुळे ऊब वर आणि माणसं खाली. सगळे कोट घालूनच बसले होते.

अर्जांचा विषय मीच काढला. काढला नसता तरी चाललं असतं, हे नोंदवून ठेवतो. डॉ. नेने म्हणाले, “त्यांची त्यांची संस्था असेल ना? तिथे आंबेडकर जयंती वगैरे होते. त्यांनाच इथे परकं वाटेल.” कुणी म्हणालं, इतकी माणसं एकदम आली तर मंडळाचं स्वरूप बदलेल. मी समतोल भूमिका घेतली. दोन्ही बाजू मांडल्या, आणि उपसमिती नेमावी असं सुचवलं.

वैजयंती कार्यकारिणीवर भोजनप्रमुख आहे. ती एकदम म्हणाली, “मुळात हरकत काय आहे, ते कुणी एकदा मोठ्यानं सांगेल का?”

डॉ. नेने हसून म्हणाले, “अहो वैजयंतीबाई, या देशात जात कोण पाहतो!”

“मग झालंच तर.”

“म्हणूनच तर घाई नको.”

हा संवाद मी इतिवृत्तात घेतला नाही, विषयपत्रिकेत नव्हता. ट्रेनमध्ये वैजयंती खिडकीबाहेर बघत होती. दमली असावी.

७ मार्च

ग्लॅडस्टनचा आवडता व्यायाम म्हणजे झाडं तोडणं. वेल्समधल्या त्याच्या गावी (लिहितात हॉवर्डन, म्हणतात हार्डन) तो शर्टाच्या बाह्या सारून कुऱ्हाड चालवायचा. १८६८ साली पंतप्रधानपदाचं बोलावणं घेऊन राणीचा माणूस निघाल्याची तार आली तेव्हाही झाडच तोडत होता. तार वाचली आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. त्यावेळी तो साठीला टेकला होता.

आमच्या मागच्या बागेत वठलेलं सफरचंदाचं झाड आहे. मुरलीधरकडून मोठी करवत आणली, दुकानातून कुऱ्हाड आणली. वैजयंती म्हणाली, “माणूस बोलवा.” मी म्हटलं, विषय झाडाचा नाही, वृत्तीचा आहे.

झाड पडलं. शेजारच्या पटेलभाईंच्या फेन्सवर पडलं. आणि मी झाडाच्या अलीकडे पडलो.

हे आडवं होऊन लिहितोय.

१० मार्च

पाठ धरली आहे. डॉक्टर म्हणाले, थोडं हिंडतं राहा. डॉक्टर तरुण आहेत.

निवडणूक तोंडावर आणि मी असा. तरीही उशाशी फोन घेऊन प्रचार सुरू केला. ग्लॅडस्टन जसा क्लबात बसलेल्या पुढाऱ्यांना सोडून थेट जनतेकडे जायचा, तसा एकेका सभासदाशी बोलणार. मात्र मंडळाची रोजची कामं आता वैजयंतीवर. आज तिनं विचारलं, “अर्जांची फाइल कुठंय?”

“कशाला?”

“पाडव्याच्या कार्यक्रमात मुलांचा नाच आहे. स्नेहलच्या मुलीला घ्यायचंय. फक्त सभासदांची मुलं घेतात म्हणे.”

“तसा नियम आहे.”

“ठाऊक आहे. म्हणूनच फाइल मागतेय.”

डावीकडचा ड्रॉवर, मी सांगितलं.

१४ मार्च

महत्त्वाचा दिवस. वैजयंती नऊ अर्ज घेऊन आली. सूचक : वैजयंती आठल्ये. अनुमोदक : मुरलीधर खांबेटे. कार्यकारिणीच्या प्रत्येकाला तिनं स्वतंत्र फोन केला होता. गंमत म्हणजे प्रत्येकानं एकच उत्तर दिलं : माझी काही हरकत नाही हो, पण बाकीच्यांची असेल.

“बाकीचे कोण, ते मी शेवटपर्यंत शोधले,” ती म्हणाली. “सापडले नाहीत. आता फक्त सेक्रेटरीची सही राहिलीय.”

मी पडल्या पडल्या सह्या केल्या. त्यावेळी मनात काय आलं ते लिहून ठेवायलाच हवं. १८६६ साली ग्लॅडस्टननं मताधिकार वाढवणारं विधेयक आणलं. ते पडलं, सरकार गेलं, पण पुढची वाट त्यानंच दाखवली. आज हॅरोमध्ये नऊ कुटुंबांना मी मंडळाची दारं उघडून दिली. योग्य वेळ यावी लागते, ती ओळखावी लागते. वैजयंतीला म्हटलं, “इतिहास याची नोंद घेईल.”

“पेन इकडे द्या,” ती म्हणाली. “शेवटच्या अर्जावर तारीख राहिली.”

नव्या सभासदांना एप्रिलच्या सभेत मताधिकार आहे. कृतज्ञता ही मोठी गोष्ट असते. तशी अपेक्षा मी ठेवत नाही.

२९ मार्च

पाडव्याचा कार्यक्रम. काठी टेकत गेलो. काठीनं माणसाला एक वजन येतं. हॉलची हीटिंग ऐनवेळी बंद पडली. वीणाताई पेंडसे, मंडळाच्या संस्थापकांपैकी उरलेल्या एकट्या, ऐंशीच्या पुढच्या, पहिल्या रांगेत कुडकुडत बसल्या होत्या. स्नेहलनं घरून ब्लँकेट्स मागवली, धम्मदीप तळघरात उतरला आणि अर्ध्या तासात रेडिएटर तापले. मी तोवर प्रास्ताविक लांबवून वेळ निभावून नेली.

नव्या सभासदांच्या वतीनं स्नेहल दोन शब्द बोलली. “सेक्रेटरीकाकांचे आभार,” ती म्हणाली. “आमचे अर्ज त्यांनी इतके जपून ठेवले होते, की एकालाही साधी घडी पडली नव्हती.”

हॉल हसला, मग टाळ्या. पाठ जेवढं वाकू देत होती तेवढं वाकून मी स्वीकार केला.

तिच्या मुलीचा नाच बरा झाला. वैजयंतीनं डोळे पुसले. इतरांच्या मुलांच्या नाचाला तिला कधी रडू आलेलं मी पाहिलं नाही.

५ एप्रिल

धक्का. स्नेहलनं अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. सूचक वीणाताई पेंडसे! मी त्यांना फोन केला. म्हटलं, वीणाताई, तुम्ही? त्या म्हणाल्या, “शशिकांत, मला त्या हॉलमध्ये बत्तीस वर्षं थंडी वाजतेय. परवा पहिल्यांदा पाय गरम झाले.”

याला राजकीय विचार म्हणत नाहीत.

वैजयंतीजवळ बोललो. “आठवडे किती झाले तिला सभासद होऊन? जरा थांबायला नको होतं?”

“किती?”

“म्हणजे?”

“किती थांबायला हवं होतं? आकडा सांगा. मी तिला सांगेन.”

“तसं आकड्यात नाही सांगता येत.”

ती इस्त्री करत होती. माझाच शर्ट होता. तिनं तो पुरा केला, हँगरला लावला आणि खोलीबाहेर गेली.

१२ एप्रिल

प्रचार रंगात. जवळजवळ प्रत्येक सभासदाशी बोललो, काहींशी दोनदा. नेने ग्रुप माझ्या बाजूला. नवी कुटुंबं अर्थातच तिकडे. तरुण आईबाप स्नेहलकडे झुकतायत, शनिवारच्या मराठी वर्गाचं तिनं काहीतरी सांगितलंय. तरी घरची दोन मतं धरून मी पुढे आहे.

लीड्सहून ईशिताचा फोन. तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे आमची लेक. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी डळमळीत. म्हणाली, “बाबा, तू सगळ्यांना फोन केला, बट आईचा मत काय आहे?”

“आईचं मत,” मी सुधारलं. “मत नपुंसकलिंगी.”

“ओके. आईचं मत. यू आस्क्ड हर?”

मी तिला नपुंसकलिंगाचे आणखी चार शब्द सांगितले. तिनं सुस्कारा सोडला. व्याकरणाची गोडी या पिढीला नाही.

२६ एप्रिल

हरलो.

सगळं क्रमानं लिहितो. हॉल भरलेला. आधी माझं भाषण. ग्लॅडस्टनचा प्रवास सांगितला : माणूस संकुचित घरात जन्मतो, पण मन मोठं करत जातो, नेतृत्व म्हणजे तरी दुसरं काय? अर्ध्या तासाच्या आत आटपलं. टाळ्या व्यवस्थित.

स्नेहल चारच मिनिटं बोलली. बॉयलर बदलायचा. शनिवारचा वर्ग परत सुरू करायचा. ज्यांना रात्री गाडी चालवता येत नाही त्यांना आणायची-सोडायची सोय. आणि नव्या अर्जाला महिन्याच्या आत हो किंवा नाही. “नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा,” ती म्हणाली, “पण म्हणा. वाट बघत ठेवू नका. वाट बघणाऱ्याला घरी मुलांना उत्तर द्यावं लागतं.” एवढंच. दृष्टी नाही, पल्ला नाही.

मतदानाच्या रांगेत वैजयंती माझ्या पुढेच होती. चिठ्ठी पेटीत टाकण्याआधी तिनं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. केवढा आधार होता त्या नजरेत! मला भरून आलं.

मोजणी दोनदा झाली. स्नेहल ५८, मी ५७.

एका मतानं! मी पुढे होऊन तिचं अभिनंदन केलं. ती म्हणाली, “काका, तुमची मदत लागेल.” मी म्हटलं, अवश्य. घरी आल्यावर वैजयंतीनं पिठलंभात केला. दोघंही नीट जेवलो नाही. ती म्हणाली, “मला तुमच्याशी बोलायचंय.” मी म्हटलं, सांत्वन नको, आज नको.

२९ एप्रिल

कुणी दगा दिला?

एक मत. तेवढं फिरलं नसतं तर आकडे उलटे असते. तीन दिवस यादीवर बसलोय. नेनेंचं कुटुंब पक्कं. देसाईंनी शब्द दिला होता आणि ते शब्द देतात तेव्हा घाबरून पाळतात. फिरत फिरत बोट एकाच नावावर येतं. नऊ अर्जांना अनुमोदन कुणी दिलं? मुरलीधरनं. सभेनंतर धम्मदीपच्या खांद्यावर हात टाकून कोण हसत होतं? मुरलीधर. आणि निकालानंतर माझ्या डोळ्याला डोळा कुणी दिला नाही?

चाळीस वर्षं. एकाच खोलीत राहिलो, एकाच सॉसपॅनमध्ये भात केला.

२ मे

पिनरला जाऊन मुरलीधरची करवत त्याच्या दारात ठेवून आलो. सोबत चिठ्ठी : ‘जे तुझं, ते तुला परत.’ बेल वाजवली नाही. परतीच्या ट्रेनमध्ये वाटलं, आपण ग्लॅडस्टनसारखं वागलो. मग वाटलं, त्याला मित्राची करवत परत करायला ट्रेननं जावं लागलं नसेल.

करवत नेताना लोक फार बघतात.

१० मे

पेपरात सध्या खासदारांनी जनतेच्या पैशातून काय काय वसूल केलं त्याचीच चर्चा. सार्वजनिक जीवन खालावलंय. मुरलीधरचे चार फोन आले, घेतले नाहीत.

जेवताना वैजयंतीनं पोळी वाढली आणि बसली. म्हणाली, “मुरलीभाऊंशी बोला. त्यांनी तुम्हालाच मत दिलं.”

“तुला काय ठाऊक?”

“स्नेहलला मी दिलं.”

मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. केवढं हे मन! चाळीस वर्षांची मैत्री तुटू नये म्हणून ही बाई असा आळ स्वतःवर घेते. म्हटलं, “वैजू, तुझं मन मी जाणतो.”

“नाही जाणत,” ती म्हणाली.

विनयही तेवढाच.

१६ मे

मुरलीधर स्वतः आला, करवत घेऊन. “ही काय भानगड?” दारातच त्यानं विचारलं.

मी मोठेपणा दाखवायचं ठरवलं होतं. म्हटलं, “मुरली, मी तुला क्षमा केलीय. तुला वाचवण्यासाठी वैजयंती खोटं बोलली, यावरून तरी ओळख तुझी किंमत तिच्या लेखी किती आहे.”

“काय बोलल्या वहिनी?”

मी सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग एकदम थांबला.

“शशी, वहिनी आयुष्यात कधी खोटं बोलल्यात?”

मी आठवू लागलो. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत तिनं माझ्या आईला सांगितलं होतं, चकली कडक झालीय. माझ्या बॉसला, त्याच्याच घरी, त्याच्या दिवाणखान्याचं रंगकाम आवडलं नाही असं सांगितलं होतं. ईशिता सहा वर्षांची असताना विचारायला आली, मी छान गाते का? वैजयंतीनं तिला जवळ घेतलं आणि ‘नाही’ म्हणाली.

मी बराच वेळ आठवलं.

“अरे गाढवा,” मुरलीधर हळूच म्हणाला, “जन्मभर प्लॅनिंगमध्ये होतास. समोर उभी असलेली बिल्डिंग दिसत नाही?”

तो चहाला थांबला नाही. मी त्याची माफी मागितली की नाही, ते आता आठवत नाही. बहुतेक नाही.

१७ मे

सकाळी वैजयंती कपडे वाळत घालायला बागेत गेली, तेव्हा मागोमाग गेलो.

“का?”

तिला काय विचारतोय ते लगेच कळलं. “निवडणुकीसाठी तुम्ही किती जणांना फोन केलेत?”

“सगळ्यांना.”

“मला?”

“तू घरातलीच ना!”

“हं.” तिनं चादर झटकली. “स्नेहलनं विचारलं. लॅबमध्ये, डबा खाताना. म्हणाली, ताई, तुम्हाला अवघड आहे हे कळतं, तरी मागते. नाही म्हणालात तरी आपण उद्या एकत्रच जेवू.”

“आणि मी मागितलं असतं तर?”

“तर मला विचार करावा लागला असता. दोघांत कोण बरं, याचा. मी केला असता तो. तुमच्याही बाजूनं खूप होतं. अकरा वर्षं तुम्ही खुर्च्यासुद्धा स्वतः मांडल्यात. पण तुम्ही मला तेवढंही काम दिलं नाहीत.”

ती चिमटे लावत राहिली.

“ते अर्ज तुमच्या ड्रॉवरमध्ये होते ना, ती दोन वर्षं मी रोज तिच्या शेजारी बसून जेवले. तिनं मला एकदाही विचारलं नाही, काकांना जरा सांगाल का म्हणून. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो विषय न काढता माझ्या डब्यातली भाजी घ्यायची, तिची मला द्यायची. रोज. तुम्हाला नाही कळणार ते किती जड जायचं.”

“मी तत्त्वतः कायम…”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तत्त्वतः.”

मला राग आला. खोटं कशाला लिहू? आत येऊन चरित्राची प्रकरणं काढली. तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य वाचलं, तत्त्वाला पाठिंबा आणि प्रश्न केवळ वेळेचा. एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं. मोठ्यानं वाचलं तेव्हा आवाज डॉ. नेनेंसारखा आला. वाक्य खोडलं. त्या जागी दुसरं सुचलं नाही. कागद तसाच ठेवलाय.

२३ मे

मुरलीधरकडे गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, “चिठ्ठी मात्र मी फ्रिजवर लावून ठेवलीय.”

१३ जून

अध्यक्षपदासाठी उभं राहताना मी सेक्रेटरीपद सोडलं होतं. ती जागा रिकामी आहे, महिनाअखेर निवडणूक. आज टेबलावर स्नेहलचं पत्र : ग्लॅडस्टनवर डिसेंबरात मंडळात व्याख्यान द्याल का? खाली एक ओळ, ‘पंचेचाळीस मिनिटं. बॉयलर तोवर नवा असेल.’ हो म्हणून कळवलं. वेळेबद्दल बोलणी करता येतील.

दुपारी १८८४चं प्रकरण लिहीत होतो. त्यावर्षी मताधिकार पुन्हा वाढवला गेला, शेतावरच्या मजुरांपर्यंत पोचला. काहींनी म्हटलं, बायकांनाही द्या. ग्लॅडस्टननं मोडता घातला : जहाजात आधीच पुरेसा माल आहे, आणखी चढवला तर बुडेल. मी पेन ठेवून बसलो. त्याची पत्नी कॅथरीन प्रत्येक प्रचारसभेत त्याच्याशेजारी बसायची, शाल सावरायची. मत मात्र नव्हतं तिला. तेव्हा घरचं मत धरून चालण्याची चूक त्याच्या हातून झालीच नाही, यात त्याचं कर्तृत्व किती ते तपासायला हवं.

एवढ्यात वैजयंती आली. समोरची खुर्ची ओढली आणि सरळ बसली, बँकेत बसतात तशी.

“मी सेक्रेटरीपदासाठी उभी राहतेय. समोर मुरलीभाऊ आहेत. तुमचं मत मला द्याल का?”

लग्नाला चौतीस वर्षं झाली. तिनं माझ्याकडे असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. तोंडावर ‘अगं, त्यात काय विचारायचं!’ आलं होतं. ते गिळलं.

“आधी सांग,” मी म्हटलं, “तू करणार काय आहेस?”

तिनं चष्मा लावला आणि सांगायला सुरुवात केली. बरंच बोलली. मी मध्ये एकदाच तोंड घातलं, आणि तो मुद्दा तिनं आधीच पाहून ठेवला होता. मुरलीधरचा फोन संध्याकाळी आला. त्यालाही मी तेच विचारलं. त्याला फारसं काही सांगता आलं नाही, पण त्यानं मैत्रीचा उल्लेख दोनदा केला.

मत कुणाला द्यायचं ते ठरवलंय. इथे लिहीत नाही. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ साली ग्लॅडस्टनच्याच सरकारनं केला. निदान तो तरी मी पाळायला हवा.